मदत हवी आहे: ‘गेलो होतो’ला इंग्रजीत ‘हॅड गॉन’ का नाही?

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, मराठी माध्यम. तिने निबंधात लिहिलं, ‘आय हॅड गॉन टू सातारा यस्टरडे.’ बाईंनी लाल पेनाने ‘वेन्ट’ केलं. मला तर तिचंच बरोबर वाटलं, कारण आपण सहज म्हणतो, ‘काल साताऱ्याला गेलो होतो.’

‘डिड’नंतर ‘वेन्ट’ नाही, ‘गो’ येतं, हे तिला पटलंय. भूतकाळ ‘डिड’मध्येच आला. ‘हॅड’ मात्र मलाच समजावता येत नाही. भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीच्या घटनेलाच ते लावायचं ना? उदाहरणार्थ, ‘पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.’ मग एकच घटना असेल तर कायम साधा भूतकाळ का? परवा चाचणी आहे. कुणी सोप्या उदाहरणांनी सांगाल का?