मदत हवी आहे: आईला येणाऱ्या चक्करचा प्रकार डॉक्टर नेमका कशावरून ठरवतात?

पारिजात: आईला गेल्या महिन्यापासून चक्कर येत आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आतल्या कानाचा दोष सांगून बीटाहिस्टिन हे चक्करचे औषध लिहून दिले, तर आमच्या नेहमीच्या फिजिशियननी हा रक्तदाबाचा प्रकार असल्याचे ठामपणे सांगितले. एकाच तक्रारीची दोन निदाने कशी होतात? ‘आणखी एका डॉक्टरांना दाखवा’ असे उत्तर कृपया नको.

सुपारी_कातर: वय किती, चक्कर किती वेळ टिकते, गोळ्या कोणत्या चालू आहेत, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. कशाच्या आधारावर सांगायचे?

माणदेशी: साठीनंतरची चक्कर मानेतूनच येते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. एक्स-रे काढा, मणक्यांची झीज दिसेलच. मला पट्टा लावल्यावरच आराम पडला.

सुपारी_कातर: त्या वयात कोणाच्याही मानेचा एक्स-रे काढला तरी झीज दिसते. तिने चक्करचे कारण सिद्ध होत नाही.

जुनी_वही: मूळ प्रश्नाकडे वळतो. ड्रॅकमन आणि हार्ट या अमेरिकी डॉक्टरांनी १९७२ साली चार गट मांडले. भोवतालचे सगळे गरगर फिरत असेल तर संशय कानातील तोलाच्या यंत्रणेवर. डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता शुद्ध हरपणार असे वाटत असेल तर रक्तदाब किंवा हृदयावर. बसल्यावर ठीक, पण चालताना झोक जात असेल तर पायांच्या नसा किंवा मेंदूवर. आणि यांपैकी काहीच नसून डोके नुसते हलके वाटत असेल तो चौथा गट. रुग्णाने वर्णन नीट केले की निम्मे काम होते.

रात्रपाळी: तातडीच्या विभागात काम करत असल्याने सांगते, हे वर्णनच फसवे असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना काही मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा जवळपास निम्म्यांनी आपला प्रकार बदलला. म्हणून आता भर दोन प्रश्नांवर असतो: चक्कर किती वेळ टिकते आणि ती कशाने सुरू होते? कूस बदलताना किंवा मान वर करून फळीवरचा डबा काढताना येऊन मिनिटभराच्या आत थांबते, ती बहुधा आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरल्यामुळे. कानात आवाज येतो, ऐकू कमी येते आणि चक्कर २० मिनिटांपासून काही तास टिकते, तेव्हा मेनिएर या आतल्या कानाच्या विकाराचा विचार होतो. दिवसभर सतत गरगरत असेल आणि सोबत बोबडे बोलणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा उभेच न राहता येणे असेल, तर थेट रुग्णालय गाठावे, कारण तो लहान मेंदूचा पक्षाघात असू शकतो.

जुनी_वही: वर्णन सर्वस्वी निरुपयोगी ठरवणे हे दुसरे टोक झाले. खोली फिरते का, हे डॉक्टर आजही विचारतातच.

गुळांबा: पित्त तपासलेत का? आमच्याकडे सकाळी आवळ्याचा रस घेतात.

पारिजात: वय ६८. रक्तदाबाची गोळी अर्थातच चालू आहे, या वयात कोणाची नसते? मागच्या महिन्यात तिची मात्रा वाढवली. रात्री उजव्या कुशीवर वळली की छत फिरते, ती पलंगाची कड घट्ट धरून ठेवते आणि अर्ध्या मिनिटात थांबते. सकाळी पूजा आटोपून पाटावरून उठताना मात्र काहीच फिरत नाही, नुसती अंधारी येते आणि पुन्हा बसले की जाते.

रात्रपाळी: मग या बहुधा दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात, एकाला रात्रीची गोष्ट सांगितली गेली असेल, दुसऱ्याला सकाळची. पाच मिनिटे पडून राहिल्यावर, आणि मग उभे राहून एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजून लिहून ठेवा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर फिजिशियनना दाखवा, गोळी मात्र परस्पर बंद करू नका. कानासाठी डिक्स-हॉलपाइक चाचणी, म्हणजे डोके एका बाजूला वळवून चटकन आडवे करून चक्कर येते का ते पाहणे, झाली का? बीटाहिस्टिनने कण जागेवर परतत नाहीत, त्यासाठी डोके ठरावीक क्रमाने वळवण्याची एप्लेची कृती करतात.

दुपारची_झोप: एप्ले मी व्हिडिओ पाहून घरीच केला, दोन मिनिटांचे काम आहे.

रात्रपाळी: कोणता कान आणि कोणती नलिका, हे ठरल्याशिवाय नको. पहिल्यांदा तरी जाणकाराकडूनच करून घ्यावा.

पारिजात: चाचणी झालेली नाही, कानाच्या डॉक्टरांनी आईला आडवे केलेच नव्हते, खुर्चीत बसवूनच कान पाहिले. सोमवारी रक्तदाबाचे आकडे फिजिशियनकडे नेते आणि कानाच्या डॉक्टरांना चाचणीचे स्पष्टच विचारते.

माणदेशी: जाताना मानेचा एक्स-रेही सोबत असू द्या.