अ‍ॅक्सोलॉटलच्या टाकीतलं पाणी बिघडलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी बेळगावात शहापूरला राहतो. माझ्याकडे एक अ‍ॅक्सोलॉटल आहे, म्हणजे पाण्यातच राहणारा, सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी. पावसात लाईट बराच वेळ गेली, फिल्टर बंद पडला आणि तेव्हापासून पाणी सुधारतच नाही. अमोनिया १ पीपीएम, नायट्राइट ०.५, दोन्ही शून्य हवेत. ही विषारी द्रव्यं पचवणारे फिल्टरमधले चांगले जिवाणू मेले असणार. अ‍ॅक्सोलॉटलचे कल्ले पुढे वळलेत, गांडूळसुद्धा तोंडात घेत नाही. बघून जीव तुटतो.

सध्या त्याला प्लास्टिकच्या टबात ठेवलंय, क्लोरीन काढलेलं ताजं पाणी रोज घालतो. टाकी तयार होईपर्यंत तो तिथंच राहील, त्यात घाई नको. खरी अडचण गारव्याची आहे. त्याला १६ ते १८ अंश लागतात आणि इथं पाणी २४ च्या खाली येत नाही. पंख्यानं थोडं उतरतं. बर्फाच्या बाटल्या मला पटत नाहीत, तापमान सारखं वरखाली होतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणाकडे जुन्या, निरोगी टाकीतला चालू फिल्टरचा स्पंज (त्यात हे चांगले जिवाणू आधीच असतात) मिळेल का? माशांच्या टाकीतला घेतला तर रोग यायची भीती किती? आणि चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) कुणी वापरत असेल तर लाईट बिल किती वाढतं, तेही सांगा.