मदत हवी आहे: फ्लुओक्सेटीन थांबवून ट्रॅनिलसायप्रोमिन, मधले अंतर आणि घरचे जेवण

मृण्मयी_७
नैराश्यावरची तीन औषधे लागू पडली नाहीत म्हणून न्यू जर्सीतल्या भावाला (वय ४६) मानसोपचारतज्ज्ञांनी ट्रॅनिलसायप्रोमिन सुचवले आहे. फ्लुओक्सेटीन थांबवून १२ दिवस झाले, नवी गोळी अजून तीन-साडेतीन आठवड्यांनी. एवढी वाट कशासाठी? पथ्याच्या यादीत ‘आंबवलेले सर्व वर्ज्य’ आहे. दही-ताकही बंद का? जानेवारीत तो पुण्याला येणार आहे.

कडुनिंब
घाई करू देऊ नका. फ्लुओक्सेटीनपासून शरीरात नॉरफ्लुओक्सेटीन बनते आणि त्याचे प्रमाण निम्मे व्हायलाच ४ ते १६ दिवस लागतात. म्हणून किमान ५ आठवडे. सर्ट्रालीन (त्याच गटातले दुसरे औषध) असते तर २ पुरले असते. अंतर न ठेवल्यास दोन्ही औषधे मिळून शरीरात सेरोटोनिन अति वाढते, म्हणजे सेरोटोनिन सिंड्रोम: ताप, दरदरून घाम, जुलाब, प्रचंड अस्वस्थता, स्नायूंना झटके. यात जीव जाऊ शकतो.

पुढे ट्रॅनिलसायप्रोमिन थांबवले तरी १४ दिवस सगळी बंधने पाळायची. गोळी रक्तातून काही तासांत जाते, पण तिने निकामी केलेले एन्झाइम नव्याने तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

या मधल्या आठवड्यांत भाऊ औषधाविना आहे, त्याची मला जास्त काळजी वाटते. रोज फोन करा. झोप उडाली किंवा मरणाचे विचार बोलून दाखवले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

शेवगा
ती यादी फार ढोबळ आहे. भीती आंबटपणाची नाही, मुरवलेल्या-शिळ्या पदार्थांत तयार होणाऱ्या टायरामिन या द्रव्याची आहे. एरवी आतडे आणि यकृतातले एन्झाइम ते मोडते. या गोळीने ते एन्झाइम बंद पडले की टायरामिन रक्तात शिरून नॉरॲड्रेनलिन (रक्तवाहिन्या आवळणारे रसायन) बाहेर ढकलते आणि रक्तदाब एकदम चढतो. एका जेवणात ६ मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना सोसते. १० ते २५ मध्ये धोका.

ताजे दही, ताक, पनीर चालते. मुरवलेले चीज, सोया सॉस, नळाची बिअर, सलामी आणि सुकी मासळी पूर्ण बंद. शिळे मटण-मासेही नकोत, कारण तयार झालेले टायरामिन शिजवून नष्ट होत नाही. यादीतल्या ‘फावा बीन्स’ म्हणजे बाकला, आपले वाल नव्हेत.

कडुनिंब
पुण्यात जेवणापेक्षा औषधाचे दुकान सांभाळा. सर्दीच्या बहुतेक एकत्रित गोळ्यांत फेनिलेफ्रिन असते, कोरड्या खोकल्याच्या अनेक सिरपांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन, आणि पाठदुखीसाठी ट्रामाडॉल-पॅरासिटामॉल सर्रास देतात. तिन्ही चालणार नाहीत. नुसते पॅरासिटामॉल चालते. पेथिडीन (वेदनाशामक) आणि लिनेझोलिडही (प्रतिजैविक) नको, म्हणून गोळीचे नाव लिहिलेली चिठ्ठी पाकिटात असू द्या, दंतवैद्यालाही दाखवा.

मृण्मयी_७
रक्तदाब चढलाच, तर बाबांची रक्तदाबाची गोळी निफेडिपिन जिभेखाली द्यायची का?

कडुनिंब
नाही! दाब अचानक कोसळून मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. खाल्ल्यावर दोनेक तासांत डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका, धडधड, मान आखडणे दिसले की दाब मोजा. १८०/१२० च्या वर असेल तर थेट अतिदक्षता असलेले रुग्णालय. आकडा कमी असला तरी डोके ठणकत राहिले तर जाच.

सुरुवातीला उलटाही त्रास होतो: उभे राहताच दाब उतरून चक्कर येते. बसून आणि उभे राहून, असा दोनदा मोजून वहीत लिहायला सांगा. दिवसाची शेवटची गोळी दुपारीच, नाहीतर झोप जाते.