नॉयर स्टाईल शॉर्टफिल्म करतोय, हिरो पिग्मी एजंट. लाईट आणि स्क्रिप्ट दोन्हीकडे अडकलोय, मदत हवी

रंकाळ्याकाठचा

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरला मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि फायनल प्रोजेक्टला १२ मिनिटांची शॉर्टफिल्म करायचीय. गेल्या वर्षी १९४०च्या दशकातले अमेरिकन नॉयर सिनेमे, म्हणजे ते गडद सावल्यांचे, गुन्ह्याच्या गोष्टींचे, बघायला लागलो आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीयेत. तर ठरवलं की करायची तर नॉयरच, ब्लॅक अँड व्हाइट.

गोष्ट थोडक्यात अशी, एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट, रोज संध्याकाळी पेठेतल्या दुकानांतून पैसे गोळा करतो. एक विधवा बाई आहे, शिवणकामाचं दुकान चालवते, तिच्या नवऱ्याची ठेव संस्थेत अडकलीय आणि परत मिळत नाही. हा तिच्यासाठी म्हणून गोळा केलेल्या पैशातून थोडे थोडे बाजूला काढायला लागतो, पावती पूर्ण रकमेची देतो पण भरणा कमी करतो. मग व्हायचं ते होतं.

अडचणी अशा. कॉलेजकडून एक मिररलेस कॅमेरा आणि दोन एलईडी पॅनल मिळतील, वर खिशातले ९ हजार रुपये. काल टेस्ट केली तर सगळं नुसतं काळपट आणि मळकट दिसतंय, सिनेमात दिसतो तसा अंधार येतच नाही. दुसरं म्हणजे मित्र म्हणतायत की हिरोला हॅट आणि लांब कोट घाल, त्याशिवाय नॉयर वाटणार नाही. मला ते पटत नाही पण उत्तरही सुचत नाही. कुणी केलंय का असं काही?

तिसरा_शो

अरे पिग्मी एजंट! गोष्ट वाचून लगेच लिहायला बसलो. हॅट आणि कोट अजिबात नको. ते लोक हॅट घालायचे कारण त्या काळात लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरचा प्रत्येक पुरुष हॅट घालायचा, तो वेश नव्हताच, रोजचे कपडे होते. तुझ्या माणसाचे रोजचे कपडे काय? पावसाळा असेल तर रेनकोट, खांद्याला रेक्झिनची बॅग, हातात ते पावती काढायचं मशीन. ते मशीन म्हणजे सोनं आहे, पावती निघतानाचा तो करकर आवाज दर वेळी वापर, पहिल्यांदा साधा वाटेल आणि शेवटी शेवटी ऐकवणार नाही.

थोडं मागचं सांगतो कारण त्यातून तुझे निर्णय सोपे होतील. हे सिनेमे बनवणाऱ्यांना आपण नॉयर बनवतोय हे माहीतच नव्हतं. युद्धामुळे अडकलेले अमेरिकन सिनेमे १९४६ला पॅरिसमध्ये एकदम लागले आणि नीनो फ्रँकसारख्या फ्रेंच समीक्षकांनी त्यांना हे नाव दिलं. बनवणारे बरेचसे बर्लिन-व्हिएन्नाकडून हिटलरमुळे पळून आलेले, बिली वाइल्डर, फ्रिट्झ लँग, रॉबर्ट सिओडमाक, त्यांच्या डोळ्यात जर्मन मूकपटांच्या सावल्या होत्या. आणि पैसा नव्हता. युद्धकाळात अमेरिकन सरकारने नवीन सेटच्या सामानावर सिनेमामागे ५००० डॉलरची मर्यादा घातली होती, मग जुनेच सेट वापरायचे आणि जे दिसायला नको ते अंधारात बुडवायचं. म्हणजे तुझ्या ९ हजारांची लाज वाटून घेऊ नको, ही शैली वाढलीच चणचणीत.

आणि हे आपल्याला परकं आहे असंही कुणी म्हणू नये. 'माणूस' बघ, प्रभातचा, १९३९, शांतारामबापूंचा. पोलीस शिपाई आणि वेश्येची गोष्ट, नॉयर हे नाव पडायच्या ७ वर्षं आधी पुण्यात बनलेली, आणि त्यातला पाऊस आणि सावल्या बघून थक्क होशील. बापू त्याआधी कामानिमित्त जर्मनीत जाऊन आले होते. इकडे मुंबईत बॉम्बे टॉकीजला योझेफ विरशिंग हा जर्मन छायालेखक होता, १९४९चा 'महल' त्याने शूट केला. आपल्याकडे ही सावली थेट आलेली आहे, हॉलिवूडमार्गे नाही.

स्क्रिप्टबद्दल एकच गोष्ट मनापासून सांगतो. नॉयरमधला माणूस परिस्थितीने मरत नाही, त्याने स्वतः, समजून उमजून, एक चुकीचं पाऊल टाकलेलं असतं. तुझा एजंट बाईसाठी पैसे काढतो हे फार सोयीचं आहे, तो चांगलाच ठरतो. पहिली रक्कम तो तिच्यासाठी काढतो ठीक, पण दुसरी? तिसरी स्वतःसाठी काढतो का? आणि ज्या चहावाल्याचे ५० रुपये तो रोज खातोय त्याच्या तोंडाकडे बघून रोज हसतो का? ते हसू हा तुझा सिनेमा आहे.

बेबी_एक_किलो

मी मुंबईत ११ वर्षं लाईट डिपार्टमेंटला आहे. तुझं मळकट का दिसतंय ते सांगतो. एलईडी पॅनल हा पसरट लाईट आहे, त्याची सावली मऊ पडते, आणि डिफ्यूजन, म्हणजे पुढचा उजेड मऊ करणारा पडदा, काढलंस तर प्रत्येक बल्बची वेगळी सावली येते, म्हणजे अजूनच गिचमिड. नॉयरला एकच छोटा कडक सोर्स लागतो. भाड्याने एक १ किलोवॅटचा फ्रेनेल, म्हणजे पुढे भिंग असलेला लाईट, घे, सेटवर आम्ही त्याला बेबी म्हणतो, जुना झाल्यामुळे हल्ली स्वस्तात मिळतो. नाही मिळाला तर बांधकामावर लावतात तो हॅलोजनही चालेल, फक्त त्याला कंट्रोल नसतो, काळे कटर, म्हणजे उजेड अडवणारे काळे फलक, लावून अडवावा लागेल.

पैसे खर्च करायच्या आधी घरी हे कर. रात्री खोलीत पूर्ण अंधार कर, मित्राला खुर्चीत बसव आणि मोबाईलचा टॉर्च हातात घेऊन त्याच्या भोवती फीर. समोरून, बाजूने, मागून, खालून. मोबाईलचा टॉर्च छोटा सोर्स आहे त्यामुळे सावली अगदी कडक पडते. अर्ध्या तासात तुला चेहऱ्याबद्दल जेवढं कळेल तेवढं कुठल्या व्हिडिओत नाही कळणार. दोन्ही पॅनल टाकून देऊ नको, एक मागून केस आणि खांद्याच्या कडेला लाव अगदी कमी करून, म्हणजे अंधारातला माणूस काळ्या भिंतीत विरघळणार नाही. कालच्या टेस्टमध्ये बहुतेक तेच झालंय, अंधार आहे पण त्याला कड नाही.

दुसरी चूक सगळे करतात ती म्हणजे माणसाला भिंतीला चिकटून उभं करतात. भिंतीपासून निदान ३ मीटर पुढे आण आणि लाईट माणसाच्या जवळ ठेव. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणजे तोंडावर बरोबर आणि भिंत आपोआप काळी. पण जेव्हा जाळीची सावली पाडायची असेल तेव्हा उलटं, लाईट लांब न्यायचा आणि जाळी भिंतीजवळ ठेवायची, तेव्हाच रेघा धारदार येतात. खोलीत धुपाटण्यात थोडा ऊद घाल, धूर सगळीकडे पसरू दे, मग मागच्या लाईटचा झोत दिसतो.

पाऊस आणि ओला रस्ता हवा असेल तर लक्षात ठेव, पावसाचा थेंब मागून उजेड आला तरच दिसतो, समोरून लाईट टाकलास तर पाऊस गायब. आणि ओल्या रस्त्याचा फायदा असा की डांबर आरसा होतं, दुकानाचा एक बल्ब रस्ताभर पसरतो, फुकटचे दहा लाईट मिळाल्यासारखं. १९४९च्या 'द थर्ड मॅन'मध्ये व्हिएन्नाचे दगडी रस्ते मुद्दाम पाणी मारून भिजवलेले आहेत ते याच्यासाठी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १००० वॅटचा लाईट २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर खेचतो, म्हणजे घरातल्या साध्या सॉकेटवर एकच, दुसरा लावायचा तर गीझरच्या लाईनवर. ओल्या रस्त्यावर एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही, उंच बांधायचा, आणि ईएलसीबी (करंट गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच) असलेल्या लाईनवरूनच करंट घ्यायचा. हे नसेल तर ओल्या रस्त्याचा शॉट बॅटरीच्या लाईटवर कर किंवा करूच नको.

रंकाळ्याकाठचा

दादा टॉर्चचं आजच करतो. खूप खूप आभार. @तिसरा_शो तुमचा प्रश्न वाचून झोप उडाली, खरंच मी त्याला चांगला ठेवायच्या मागे लागलो होतो.

अजून दोन प्रश्न. नॉयरमध्ये खिडकीच्या पट्ट्यांची सावली असते तशी हवीच का? आमच्या पेठेत कुणाकडे तसल्या ब्लाइंड्स नाहीत. आणि त्या सिनेमात हिरो पाठीमागून बोलत असतो ते मराठीत लिहिलं की फार नाटकी वाटतंय. "त्या रात्री शहर झोपलं होतं" वगैरे. वाचलं की माझंच मला खोटं वाटतं.

सुईदोरा

पट्ट्या कशाला, पतसंस्थेत कॅशिअरच्या पुढे जाळी असते ना! आणि बाहेर ते सरकतं लोखंडी गेट, त्याची सावली चौकटचौकट पडते. तुझ्या गोष्टीत पैसा जाळीच्या पलीकडे आहे आणि माणूस अलीकडे, शेवटी तीच सावली त्याच्या तोंडावर पडू दे, तुरुंग दाखवायची गरजच नाही. लॉस एंजेलिसमध्ये पट्ट्या आल्या कारण तिथे ऊन आहे आणि खिडक्यांना पट्ट्या आहेत. आपल्याकडे गज आहेत, जाळ्या आहेत, दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर आहे. अर्ध्या शटरखालून येणारा उजेड आणि त्यात फक्त पाय, हा शॉट घेच.

निवेदनाबद्दल, मी एडिटिंग आणि साऊंड करते आणि यावर बराच विचार केलाय. इंग्रजी निवेदनाची लय मराठीत आणायला गेलं की खोटंच वाटतं. मराठीत माणूस आपला गुन्हा कुठल्या भाषेत सांगतो? पोलीस स्टेशनला जबाब देतो! "मी वरील पत्त्यावर आई व बहिणीसह राहतो. मी सुमारे ६ वर्षांपासून दैनंदिन ठेव गोळा करण्याचे काम करतो. सदर महिलेस मी कामानिमित्त ओळखतो." अख्खं निवेदन असं लिहून बघ. कोरडं, हवालदाराने लिहून घेतल्यासारखं. आणि चित्रात त्याच वेळी तो तिच्या दुकानासमोर पावसात उभा आहे, ती दिव्याखाली मान खाली घालून शिवतेय. "कामानिमित्त ओळखतो" म्हणताना चित्र काय सांगतंय बघ. मग एकाच ठिकाणी, फक्त एका ठिकाणी, त्याचा आवाज जबाबाची भाषा सोडून स्वतःच्या भाषेत येऊ दे.

रेकॉर्डिंग कपड्यांनी भरलेल्या कपाटापुढे बसून कर, मागे गोधडी टांग, खोलीचा घुमणारा आवाज जातो. शिवणयंत्राचा आवाज, पावलं, रेनकोटची सळसळ हे सगळं वेगळं रेकॉर्ड करून ठेव. अंधारात डोळ्याला कमी दिसतं तेव्हा कान जास्त काम करतात.

बाईबद्दल एक विनंती. ती फक्त त्याला नादी लावणारी किंवा बिचारी यातलं काहीतरी एक होऊ देऊ नको. तिला कळतंय का पैसे कुठून येतात? मला वाटतं तिला पहिल्या दिवसापासून कळतंय आणि तिने न विचारायचं ठरवलंय. नवऱ्याने घाम गाळून ठेवलेले पैसे संस्थेने अडकवले, मग हे पैसे घेताना तिला चोरी वाटेलच असं नाही. तिची बाजू खरी असेल तर तुझा शेवट जड होईल.

अंधारखोली

मी ३ वर्षांपूर्वी कॉलेजला असताना असाच प्रोजेक्ट केला होता, तुझ्यावर तीच वेळ येऊ नये म्हणून सांगतो. आम्ही लाईट कमी पडला म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, ६४०० वर नेला. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर छान दिसलं. कॉलेजच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर लावलं तर काळ्या जागी नुसत्या मुंग्या, आणि हॉलचा दरवाजा उघडा होता त्यामुळे काळं सगळं राखाडी. आमच्या कॅमेरामन मैत्रिणीने ४ रात्री जागून केलेलं काम कुणाला दिसलंच नाही, ती बाहेर जाऊन रडत होती. तर अंधार दाखवायला कमी उजेड नको, भरपूर उजेड पण छोट्या जागेत हवा. आयएसओ कमीत कमी ठेव, तोंडाचा उजळ भाग बरोबर पकड, बाकी काळं होऊ दे. शटर १/५० ठेव म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे लुकलुकणार नाहीत. आणि ज्या हॉलमध्ये दाखवणार तिथे आधी जाऊन २ मिनिटांची टेस्ट लावून बघ.

शूट रंगीतच कर, एडिटमध्ये ब्लॅक अँड व्हाइट कर. लाल चॅनल वाढवलास तर चेहरा उजळतो आणि नितळ होतो, निळा वाढवलास तर चेहरा गडद होतो आणि डाग, सुरकुत्या वर येतात. जबाब देतानाच्या सीनला निळा वापरून बघ. पण कपडे आधी तपास, मरून साडी आणि बाटली-हिरवा पडदा रंगीत डोळ्याला केवढे वेगळे, राखाडीत दोन्ही एकच होतात. मोबाईलवर मोनो फिल्टर लावून प्रत्येक कपड्याचा फोटो काढ.

आणि रात्री पेठेत शूट करणार असशील तर कॉलेजचं पत्र घेऊन आधी पोलीस स्टेशनला कळव. पैशांची बॅग हिसकावण्याचा सीन असेल तर नक्कीच, लोकांना खरं वाटतं आणि कुणीतरी मार खातं.

रंकाळ्याकाठचा

आठवड्याने लिहितोय. टॉर्चची टेस्ट केली. माझा मित्र एरवी फार हसरा दिसतो, टॉर्च बाजूने कानाच्या रेषेत आणला आणि त्याचा अर्धा चेहरा गेला, उरलेला अर्धा मी ओळखलाच नाही. तोच एजंट करणार.

लाईट भाड्याने देणाऱ्या काकांकडे बेबी मिळाला, दोन रात्रींसाठी, विद्यार्थी म्हणून पैसे कमी लावले. ओला रस्ता बॅटरीच्या लाईटवर करतोय, आईला शब्द दिलाय. माझ्या बहिणीला मरून ब्लाउज शिवायचा होता तो तिने राखाडी घेतला.

स्क्रिप्ट परत लिहिली. आता दुसरी रक्कम तो स्वतःसाठी काढतो, बहिणीच्या लग्नाचं कारण स्वतःला सांगतो, पण घेतो रेनकोट. नवा. त्याच रेनकोटमध्ये तो चहावाल्याकडे जातो आणि चहावाला म्हणतो, "शोभतोय तुम्हाला." आणि हा हसतो. @सुईदोरा ताई, जबाबाची भाषा इथेच सोडतोय, रेनकोटपाशी. बरोबर वाटतंय का?

सुईदोरा

बरोबर आहे. पण चहावाल्याचं वाक्य झाल्यावर लगेच निवेदन आणू नको. आधी पावतीचं मशीन पूर्ण वाजू दे, कागद फाटेपर्यंत. मग बोलू दे त्याला.