मार्क नाही, स्पेलिंग बघा

'दहावीचे मार्क पुढं कुणी विचारत नाही' असं वर दोघांनी लिहिलंय. मार्कांचं खरंय. पण दहावीचं सर्टिफिकेट जन्मभर काढून दाखवावं लागतं, हे कुणी बोललंच नाही. आमचं आडनाव तेलुगू. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी. सोलापूरच्या पूर्व भागात राहिलेल्यांना यात नवल नाही. बोर्डाची प्री-लिस्ट (सर्टिफिकेटवर येणारी नावं तपासून सही करायची यादी) वर्गात फिरली तेव्हा गड्ड्याची जत्रा भरलेली, आमचं सगळं ध्यान पाळण्याकडं. न वाचताच सही ठोकली. आडनावात इंग्रजी 'एल' दोनदा हवा होता, एकदाच पडला. (सरांनी 'नीट बघा रे' म्हटलं होतं, खोटं कशाला बोलू.)

पासपोर्टच्या वेळी ते उघडं पडलं. दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, आणि आपला जिल्हा पुणे विभागीय मंडळात. शाळेत चार खेटे, पुण्याला दोन, वडिलांचे यंत्रमागावरचे दोन खाडे. त्यामुळं आत्ता दहावीत असलेल्या पोरांनो, जन्मदाखला आणि आधार कार्ड शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. आईचं नावसुद्धा, तिथं तर कुणी बघतच नाही.