बदनामी अटकेने झाली, पोस्टने नाही

‘देशावर टीका करणाऱ्यांमुळे बाहेर आपली नाचक्की होते’ हे मत मला अजिबात पटत नाही. आम्ही ठाणेकर २०१२चा नोव्हेंबर विसरलेलो नाही. पालघर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या मुंबई बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने नुसतं लाइक केलं, आणि दोघींना अटक! वर पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड. परदेशी वर्तमानपत्रांत गाजली ती ही अटक. पोस्ट एरवी कुणी वाचलीही नसती.

मार्च २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ, म्हणजे ऑनलाइन लिखाणाबद्दल अटक करू देणारं आणि या मुलींनाही लावलेलं कलम, रद्द केलं, तेव्हा मला खरंच अभिमान वाटला. तरी पोलीस ते लावतच राहिले. शेवटी २०२२मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं.