‘पोट भरले की झाले’ एवढ्यावर शालेय पोषण आहार थांबवावा का?

नदीकाठ :
कालच्या लेखनात एका सदस्याने असे म्हटले आहे की, शाळेच्या जेवणाला प्रथिनांचे निकष लावणे हे शहरी चोचले आहेत आणि गरिबाच्या मुलाचे पोट भरले की शाळेचे काम संपले. ते वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. लहान मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरतात. त्या तांदळातून सुमारे सात आणि डाळीतून चार-साडेचार ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे डाळ निम्मी केली तरी पोट जवळजवळ तेवढेच भरते, प्रथिने मात्र कमी पडतात. शाळा व्यवस्थापन समितीवर असताना मी एका दुपारी न सांगता गेले होते. वरण इतके पातळ होते की पळी तळापर्यंत नेली तरी डाळ लागत नव्हती. मुले पोटभर जेवून हात धुवायला निघाली होती. निकष नसता, तर मी जाब कशाच्या आधारावर विचारला असता?

खडूफळा :
आपण एका दुपारी आलात. मी गेली बावीस वर्षे रोज त्या पातेल्याशेजारी उभा आहे. आमची शाळा दोनशिक्षकी आहे. तांदूळ मोजून देणे, मुलांच्या आधी जेवण चाखून चव नोंदवहीत सही करणे आणि आज किती मुले जेवली ते मोबाईलवर भरणे, यांत माझी गणिताची तासिका जाते. भाजीपाल्याचे पैसे मी कित्येकदा पदरचे घातले आणि ते महिन्यांनी परत मिळाले. स्वयंपाकी बाईंच्या मानधनात राज्य भर घालते, पण केंद्राने २००९मध्ये ठरवलेले दरमहा १००० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने, हाच पाया अजून कायम आहे. तिच्याकडून ग्रॅमचा हिशेब मागताना मला लाज वाटते.

रानवाट :
दोघांनीही अंड्याचा विषय टाळला आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे आणि ते न खाणाऱ्यांना केळे देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५मध्ये त्याचा वेगळा निधी बंद करून, द्यायचे असेल तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगितले. ज्या पाड्यावर घरोघरी भाताबरोबर मिठाची चिमूट असते, तिथे लोकसहभाग कोणाकडे मागायचा?

तुळशीवृंदावन :
अंडे हाच पोषणाचा मापदंड असल्यासारखे लिहू नये. मटकी, चवळी आणि शेंगदाणे आपल्याच मातीतले आहेत. माझ्या मुलाच्या वर्गात अंड्याच्या दिवशी दोन रांगा बसत आणि केळेवाल्यांना चिडवले जाई. तो दोन बुधवार शाळेत गेला नाही. शिवाय २०२०च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अति साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकण्यास मनाई केली, तरी फाटकाला टेकूनच रंगीत सरबताची गाडी उभी असते. त्याबद्दल इथे कोणीही चकार शब्द काढलेला नाही.

रानवाट :
आपल्या मुलाला चिडवले गेले ते वाईटच झाले, परंतु त्यासाठी शिक्षकांनी वर्गाला समज द्यायची असते. दुसऱ्याच्या ताटातले अंडे काढून घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आपल्या घरी डब्यात पनीर देता येते, म्हणून आपण मटकीचे गुण सांगू शकता. तमिळनाडूत शाळेच्या दिवशी रोज अंडे मिळते आणि तिथल्या शाळा मोडल्या नाहीत. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. वरणात पाणी ओतता येते, अंड्यात ओतता येत नाही.

तुळशीवृंदावन :
माझ्या घरच्या डब्यापर्यंत जाण्याचे कारण नव्हते. तो उल्लेख मला लागला.

खडूफळा :
अंड्याला श्रेय द्यायची माझी इच्छा नव्हती, कारण थंडीत दर चढला की ठरलेल्या पैशांत अंडी बसत नसत आणि वरचे पैसे आम्हीच घालत होतो. तरीही खरे तेच सांगतो. अंड्याच्या दिवशी पटावरची झाडून सगळी मुले हजर असत आणि मला काहीही तोलावे लागत नसे. अंडी मोजली की काम झाले. तिसरीतली एक मुलगी अर्धे अंडे फ्रॉकच्या खिशात घालून धाकट्या भावासाठी घरी नेत असे.

नदीकाठ :
निकषावरून मी मागे हटणार नाही, मात्र तो राखण्याचे ओझे एकट्या शिक्षकावर टाकणे चूक आहे, एवढे मला मान्य करावे लागते. मुलामागे अमुक ग्रॅम डाळ असे न लिहिता, इतक्या मुलांसाठी इतकी मापे डाळ असे स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठळक लिहिले, तर स्वयंपाकी बाई आणि येणारे पालक या दोघांनाही ते कळेल.

खडूफळा :
लिहितो. पण भाजीचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतील, याबद्दल आपल्या समितीने आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्यावे.